बाटलीतलं भात

सखी : बाटली तुमची, बाई. भात आमचंच. पण हे मेलेलं हाय.

जुबैदा : मेलेलं? असं कसं म्हणतेस, सखी? बघ ना, एका दाण्याला भोक नाही. अकरा वर्षं कपाटाला कुलूप लावून सांभाळलंय मी. आमच्या अख्ख्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये इतका जुना नमुना दुसरा नाही.

सखी : भोक न्हाय तवाच मी वळखलं. जित्या भाताला किडा लागतो. ह्याला वास कसला येतो?

जुबैदा : औषध आहे, पाऱ्याचं. टिकावं म्हणून... अगं, थांब! दाताखाली घालू नकोस, विष आहे ते! नवशा, हिला आधी साबण दे.

नवशा : ये सखीबाय, हितं नळ हाये. कोपरापर्यंत धू. पदराला पुसू नको, हा फडका घे. मॅडम, चौदा वर्षं या लॅबमधी शिपाई हाये मी, पण नमुना चावून बघणारी ही पहिलीच.

सखी : चावल्याबिगर कळंल कसं? विष घालून सांभाळता व्हय तुमी?

जुबैदा : कॉलेजात तसंच करतात. नमुना आहे तसा राहावा म्हणून. ते कुणाला पेरायला लागेल हे, खरं सांगू, माझ्या डोक्यातच आलं नाही.

सखी : आमी पेरून सांभाळतो.

जुबैदा : हो. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सखी : मंग आता आयेला काय सांगू? शिमग्याच्या मागं वणवा आला, घराचं मागलं अंग गेलं, कणगी गेली. हे मोरकुसळ भात आमच्याच घरी व्हतं. बाकी पाड्यानं कवाच सोसायटीचं बी घेतलं. आये रडली न्हाय, ओरडली न्हाय. बोलली, बी हाय आपलं, भिवंडीच्या कॉलेजात बाईकडं हाय. रोहिणी लागायच्या आत वाटीभर मागून आण. रोपासाठी राब भाजून ठेवलाय, बाई. बी न्हाय.

जुबैदा : सोमीबाईला अजून मी आठवते?

सखी : आठवते तर! ती बोलते, शहरातली मानसं येतात, फोटू काढतात, पानीबी पीत न्हाईत. ही एकच बाई माझ्या चुलीपुढं बसली, नाचणीची भाकर आन् सुकट खाल्ली, वर दुसरी भाकर मागून घेतली. म्हणून मी तिला मोरकुसळ दिलं, बोलते. परक्याला देत न्हाय आमी.

जुबैदा : काय सुकट होती ती! गणेशपुरीला एस.टी.तून उतरून दोन तास डोंगर चढले होते मी, पोटात आग पडली होती. तुझ्या आईला म्हटलं, पुढच्या साली येते, युनिव्हर्सिटीला काय लिहून पाठवलं ते सांगायला येते. अल्लाची शपथ घेऊन म्हटलं होतं.

सखी : आले न्हाय तुमी.

जुबैदा : नाही आले. पुढच्याच साली इथं दंगल झाली, घरातून निघता येत नव्हतं. ते एक वर्ष झालं. नंतरच्या नऊ वर्षांना माझ्याकडं काही कारण नाही, सखी. पेपर छापून आला, डिपार्टमेंट हेड झाले, राहून गेलं.

सखी : त्या चिठ्ठीवर काय लिवलंय? द्या हिकडं, येतं मना वाचाया. चौथी जालेय मी. "मोरकुसळ... डोंगरी भात... संग्राहक... जुबैदा बुबेरे." आन् सोमी कुठं हाय?

जुबैदा : नाही.

सखी : पाड्याचं नाव?

जुबैदा : तेही नाही. नुसतं "भिवंडी तालुका" आहे.

सखी : बरं. ही मी निघते. दोनची गाडी चुकली तर रात व्हईल. तुमी वाईट वाटून घेऊ नका. आयेला सांगीन, बाईनं जपलं व्हतं, पण निभलं न्हाय. ती बोललीय, मोरकुसळ न्हाय आलं तर औंदा नव्या भाताचा घास घेनार न्हाय. म्हातारी हट्टी हाय. घेनारच न्हाय.

नवशा : थांब सखीबाय, गाडी सापडंल. मॅडम, एक बोलायचं होतं. पण नोकरीवरून काढणार नाय असं तुम्ही आधी बोला.

जुबैदा : आता तुझं काय मध्येच?

नवशा : आधी बोला.

जुबैदा : बरं बाबा, नाही काढणार. बोल.

नवशा : त्र्याऐंशी साली तुम्ही हे भात आणलं ना, ते दोन दिवस टेबलावर टोपलीत होतं. औषध तुम्ही तिसऱ्या दिवशी मारलं. मधल्या दिवशी मी त्यातलं मूठभर घेतलं.

जुबैदा : घेतलं म्हणजे?

नवशा : चोरलं. चोरलंच बोला. माझी आजी बोलायची, कणसरी पाहुणी आली तर तिला कोंडून ठेवू नये, ती रुसते. कणसरी म्हणजे आमची धान्याची आई, मॅडम. आन् तुम्ही तर तिला बुचाच्या बाटलीत घालणार होता. माझा जीव राहिना. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं तेलाचे रिकामे डबे आहेत, बघितलेत तुम्ही?

जुबैदा : ते गवत वाढतं ते डबे?

नवशा : गवत नाय ते. दर भादव्यात तुम्ही वर यायच्या आन् बोलायच्या, नवशा, हे गवत काढून टाक, प्राचार्य ओरडतील. मी बोलायचो, हो मॅडम, दिवाळीच्या आधी काढतो. आन् दिवाळीच्या आधी कापायचो.

जुबैदा : या खुदा! पंचवीस वर्षं पोरांना बॉटनी शिकवतेय मी. आणि माझ्याच डोक्यावर, माझ्याच गच्चीत...

नवशा : तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला असंल.

जुबैदा : चष्म्याला कशाला बोल लावतोस, नवशा. लाव मलाच.

सखी : अकरा सालं? एकबी साल न चुकवता?

नवशा : एक साल चिमण्यांनी खाल्लं, पाच लोंब्याच राहिल्या. जाळी लावली मग. मे महिन्याच्या सुट्टीतबी येऊन पाणी घालून जायचो. खारबाववरून येतो ना मी, घरची बोलायची, सुट्टीत कसली रे तुझी ड्युटी?

सखी : मंग आनून का दिलं न्हाय, दादा? इतकी सालं?

नवशा : कुणाला देऊ? कुणाचं हाये तेच मना ठावं नव्हतं. पाच पाडे फिरलो मी रविवारचा. मोरकुसळ कुणाचं, मोरकुसळ कुणाचं, विचारत. पण आमच्या खारबावच्या अंगाला फिरलो, तुझ्या डोंगराच्या अंगाला नाय. चिठ्ठीवर तर मॅडमचंच नाव. आन् मॅडमना विचारावं तर चोरी उघडी पडते.

जुबैदा : म्हणजे मी एक ओळ जास्त लिहिली असती, तर हे केव्हाच घरी पोचलं असतं.

नवशा : जाऊ द्या, मॅडम. आज घरचं माणूस आलं ना. आणतो मी डबा.

(नवशा गच्चीवर जाऊन येतो. हातात झाकणाचा पत्र्याचा डबा, आत राख.)

सखी : राखंत ठेवलंय! आये बी राखंतच ठेवते. बघू... हे बघा बाई, कुसळ बघा, काळं, लांब, मोरावानी. आता चावू का? ह्यात विष न्हाय ना?

नवशा : चाव, बिनधास्त चाव.

सखी : कट् वाजलं. जितं हाय. जितं हाय गं बाय! आये, जितं हाय!

जुबैदा : रडू नकोस, सखी. तू रडलीस तर मलाही... नवशा, इकडे ये. हे भात माझ्याकडे अमानत होतं. दुसऱ्याची ठेव. मी ती कुलपात मारली आणि तू तेलाच्या डब्यात जगवलीस. तुझे आभार कसे मानायचे तेच मला कळत नाही रे.

नवशा : असं नका बोलू. माझ्या पोरीला कॉलेजात कुणी आणून बसवली? फॉर्म कुणी भरला? पाड्यावरची पोर सायन्सला नको असं ऑफिसात बोलले, तवा तिथं उभं कोण राहिलं होतं? मी काय विसरलो?

सखी : हा डबा मी सगळा न्हेत न्हाय, दादा. ही मूठ तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. बी दोन घरी असलं पायजे. आमचं परत जळलं तर मी परत येईन. तवा घाबरू नको, चोरी न्हाय ती आता.

जुबैदा : आणि आम्ही काय करू, सखी? कॉलेजनं काही तरी करायला हवं. एन.एस.एस.च्या पोरांचं शिबिर ठेवू का तुमच्या पाड्यावर?

सखी : नको गं बाई! कनच्या तरी कॉलेजची पोरं गेल्या साली आलीवती. आमी पहाटंला अंगन सारवलेलं, वलं व्हतं. पोरांनी खराट्यानं झाडून काढलं सगळं. वर भाषान, स्वच्छता राखा म्हणून!

नवशा : आमच्या अंगालाबी तसंच केलं!

जुबैदा : मग पाठवूच नको?

सखी : पाठवा ना. लावणीला पाठवा. खराटा घरी ठेवा, वाकायची तयारी ठेवा. आये बांधावर बसंल आन् सांगंल, कसं धरायचं, कसं खोचायचं. ती रोप हातानं चाचपून बघते आन् कुणी चुकलं की पाठीत धपाटा घालते, ते आधी सांगून ठेवा.

जुबैदा : सांगते. मीही येते धपाटा खायला. आणि युनिव्हर्सिटीला आज पत्र लिहिते, माझ्या पेपरात दुरुस्ती छापा म्हणून. थांब, आधी ही चिठ्ठी. सोमीबाईचं आडनाव काय गं?

सखी : वरठा. सोमी जान्या वरठा. पाडा लिवा, उंबरपाडा. आन् खाली ह्याचंबी लिवा, नवशा. मधी अकरा सालं ती कुठं व्हती ते कळाया नको?

नवशा : माझं नाव? कॉलेजच्या कपाटात?

जुबैदा : लिहिलं. ही बघ, शाई ओली आहे अजून.

सखी : मंग येते मी. बाई, तुमी लावणीला या, आन् नवं भात खायाला तर याच. पहिला घास आये तुमच्यासंगं खाईल. बोललीय ती तसं.

जुबैदा : अकरा वर्षांनी सोमीबाईला तोंड कसं दाखवू गं मी?

सखी : तिला दिसत न्हाय आता, बाई. तीन सालं जाली. तुमी नुसती लोंबी तिच्या हातात द्या. तुमचा हात वळखंल ती.