कर्ण मोजायचा राहिला

समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा समितीचे प्रमुख माननीय पंजाबराव, आज निवृत्त होणारे आपले मुख्याध्यापक भगवंतराव सर, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी शिक्षक आणि माताभगिनींनो,

सरांनी तीस वर्षं भूमिती शिकवली, असं आत्ता चौघांनी सांगितलं. मी पाचवा, त्यांच्याच हाताखालचा गणित शिक्षक. काटकोन त्रिकोणाची सर्वात लांब बाजू म्हणजे कर्ण, हे या गावाने सरांची छडी खाऊन पाठ केलं. पण तीस वर्षांत स्वतः सरांनी कर्ण किती वेळा मोजला? मला एकही वेळ आठवत नाही.

आपण बसलो आहोत त्या या सभागृहाची आखणी महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी झाली. सरांनी कोटाची बटणं लावली, वर्गातला लाकडी गुण्या जमिनीवर टेकवला आणि त्याच्या कडेने चुन्याच्या रेघा मारायला लावल्या. चाळीस फुटांच्या भिंतीला हातभर गुण्या! विद्वत्ता आणखी वेगळी काय असते?

पायाच्या कामावर साखरखेर्ड्याचे फकीर मोहम्मद मिस्त्री होते. त्यांनी कोपऱ्यापासून एका रेघेवर तीन हात मोजले, दुसरीवर चार, आणि दोन खुणांमध्ये तिरपी दोरी ताणली. ती पाच हात भरायला हवी होती. दोन बोटं जास्त भरली. ते म्हणाले, "गुरुजी, कोपरा उघडा राह्यला. इथं दोन बोटं हायेत, तिकडच्या टोकाले हात होईन."

सर हसले. ज्याला सही येत नाही तो मला भूमिती शिकवतो, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोरीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. मी म्हणालो, "सरांचंच बरोबर आहे." मिस्त्रींनी दोरी गुंडाळली आणि सरांच्याच रेघांवर पाया खणायला घेतला.

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. त्या वाक्याइतकं हलकं दुसरं काही मी आयुष्यात बोललेलो नाही.

पत्रे चढले तेव्हा काय झालं, ते जरा मान वर करून पाहा. भिंत आणि पत्रा यांच्यामधली ती हातभर फट आपण सात वर्षं पोत्यांनी झाकतो आहोत. चौकशी झाली, तेव्हा सरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'गवंड्याचा निष्काळजीपणा.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही. त्यानंतर पंचक्रोशीत मिस्त्रींना कोणी साधा ओटासुद्धा बांधायला दिला नाही. सरांना आपण आज शाल देतो आहोत. द्या, त्यांना शोभून दिसेल.

अध्यक्षमहाराज, माझी ती सही खोटी होती, एवढं आजच्या इतिवृत्तात लिहून घ्यावं. मला बोलू दिलंत, याबद्दल आभारी आहे. अधिकउणं बोललो असेन तर क्षमा मागण्याची रीत आहे. ती मी सरांची मागणार नाही. ज्यांना मी मुद्दाम बोलावून आणलं, ते मिस्त्री तिकडे दारापाशी उभे आहेत. खुर्ची दिली, तरी या छताखाली बसायला ते तयार नाहीत.

मिस्त्री, मले माफ करा.