एका ओढीत सुटणारी गाठ

मी, खाली सही करणार, वय चौसष्ट वर्षे, धंदा शिवणकाम (शाळेचे गणवेश), राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटच्या इमारतीचा वरचा मजला, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी माझ्या यजमानांसोबत राहते. मुलगी लग्न होऊन परगावी आहे. माझे यजमान एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात बांधणीकाम करत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांचा माल बांधला. त्यांची स्वतःची एक गाठ आहे. प्रवासात कितीही आदळआपट झाली तरी ती सुटत नाही, पण तिचं एक शेपूट बाहेर ठेवलेलं असतं, ते ओढलं की एका ओढीत सगळं मोकळं होतं. ते म्हणायचे, गाठ आपल्यासाठी नसते, पलीकडे जो उघडणार त्याच्या बोटांसाठी असते. गोदामात आणि गल्लीत त्यांना सगळे दोरीकाका म्हणतात. गाठीचा या प्रकरणाशी संबंध काय, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. संबंध आहे, म्हणून सांगते आहे.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर यजमानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, हात आला नाही. बोलणंही फार कमी झालं. पूर्वी आमच्या घरात भांडणाला कारण लागत नसे. चहात साखर कमी पडली तरी ते गोदामातल्या आवाजात बोलायचे आणि मीही काही कमी नव्हते. झटक्यानंतर ते कशालाच नाही म्हणेनासे झाले. समोर ठेवलं ते खायचे, बसवलं तिथे बसायचे. घर इतकं शांत झालं की मी शिलाई मशीन उगाचच चालू ठेवायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रबरी चेंडू दाबायला देऊन गेल्या. तो चेंडू ते घरंगळून जाऊ द्यायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे.

त्याच सुमारास नगरपालिकेचं नवीन कचरा धोरण आलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. सुका कचरा धुऊन, वाळवून, गठ्ठा बांधून गाडीवर द्यायचा. जो एकत्र देईल त्याला दंड. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला एका केळ्याच्या सालीपायी दंड झाला, ती अजून केळी घेत नाही. प्रभाग अधिकारी स्वतः गल्लीत येऊन सांगून गेले की तुम्ही दिलेली प्रत्येक पिशवी शहराबाहेरच्या पुनर्प्रक्रिया केंद्रात जाईल, तिथली माणसं ती उघडून निवडतील आणि तिची नवी वस्तू होईल. यजमान गॅलरीत बसून हे ऐकत होते. अधिकारी गेल्यावर त्यांनी मला हाताने खूण केली की दोरी आण.

घरात दोरी नव्हती. मी जुन्या हिरव्या पडद्याची एक पट्टी फाडून दिली. दुधाच्या पिशव्या, तेलाच्या पिशव्या, पुठ्ठे, असा तो पहिला गठ्ठा होता. त्यांनी पट्टी दाताने धरली, डाव्या हाताने फिरवली आणि उजवा हात नुसता वर टेकवून ठेवला. किती वेळ लागला ते मी बघितलं नाही, घड्याळाकडे बघायची मला भीती वाटत होती. गाठ कसली, गुंताच होता, पण शेपूट बाहेर होतं. मी शाबास म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. हे जबाबात नको, असं हवालदारसाहेब म्हणाले. असू द्या.

तेव्हापासून हेच आमचं रोजचं काम झालं. मी पिशव्या धुवायची, ते तारेवर चिमट्याने लावायचे. लोकांच्या गॅलरीत कपडे वाळतात, दोरीकाकांच्या गॅलरीत पिशव्या, असं गल्ली म्हणायची. म्हणू दे. बांधायला मी माझ्याकडच्या कापडाच्या काठाच्या पट्ट्या द्यायची. ज्या शाळेचं काम चालू असेल त्या रंगाची पट्टी. आधी राखाडी, मग निळी, मग लाल. राखाडीच्या वेळी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. निळीच्या वेळी दोन बोटं चिमटीत धरू लागली. लालच्या वेळी दात सुटले, म्हणजे दाताने धरायची गरज उरली नाही. व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा त्यांनी चेंडूचं कौतुक केलं. चेंडू कधीच कपाटाखाली गेला होता.

आज केंद्रात कार्यक्रम होता. केंद्राला वर्ष झालं म्हणून वरचे पाहुणे येणार होते आणि प्रभागातला आदर्श नागरिक म्हणून यजमानांना प्रशस्तिपत्र देणार होते. नगरपालिकेची गाडी आम्हाला न्यायला आली. यजमानांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वरची दोन बटणं स्वतः लावली. खालची मी लावली. त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. मला म्हणाले, "आपले गठ्ठे कुठे उघडतात ते नंतर बघू." झटक्यानंतर इतकं लांबलचक वाक्य ते पहिल्यांदाच बोलले होते.

भाषणं सुरू झाल्यावर मला लघवीला जायचं होतं. केंद्रातल्या शौचालयाला कुलूप होतं. मागे बघा, असं कोणीतरी सांगितलं म्हणून मी शेडच्या मागे गेले. जाताना शेडच्या आत यंत्र दिसलं. पुढच्या बाजूने त्याला फुलांच्या माळा घातल्या होत्या. मागच्या बाजूला कारखान्यातून येतानाचं प्लॅस्टिकचं वेष्टन तसंच होतं आणि त्याची वायर भिंतीपाशी येऊन संपली होती. तिथे विजेचं बटणच नव्हतं.

शेडच्या मागे भिंतीने बंद केलेलं आवार आहे. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती तिथे होती. सगळ्या शहराचा सुका कचरा ढीग करून फेकलेला होता आणि त्यावर ओला कचरा ओतलेला होता. एक जेसीबी तो उचलून ट्रकमध्ये भरत होता. ट्रक कुठे जातो, असं मी चालकाला विचारलं. तो म्हणाला, "खाणीत, दुसरं कुठे? पाहुणे मागच्या बाजूला यायच्या आत साफ करायला सांगितलंय."

ढिगात मला लाल पट्टी दिसली. मग निळी दिसली. जिथे जेसीबीने खालून उकरलं होतं तिथे राखाडी दिसल्या. त्या पट्ट्यांचे सगळे गठ्ठे आमचे होते आणि एकही उघडलेला नव्हता. प्रत्येकाचं शेपूट बाहेर होतं, जसं त्यांनी ठेवलं होतं तसं. खालून वर बघत गेलं की गाठी घट्ट आणि नीट होत गेलेल्या दिसत होत्या. त्यांचा हात कसा कसा बरा झाला ते सगळं तिथे पडलेलं होतं. पलीकडून टाळ्या ऐकू येत होत्या.

मग अगदी तळाशी हिरवी पट्टी दिसली आणि जेसीबीचं तोंड तिच्याकडे वळत होतं. मी ढिगावर चढले आणि मध्ये उभी राहिले. चालकाने हॉर्न वाजवला. मी हलले नाही. पहारेकरी ओरडत आला, मी त्याला म्हटलं की माझं एक सामान राहिलंय ते घेते आणि जाते. मी हिरव्या पट्टीचा गठ्ठा ओढून काढला. चपलेसकट पाय घाण झाला, चष्माही तिथेच कुठेतरी पडला. मी कोणाच्याही अंगावर धावून गेले नाही. नगरपालिकेच्या तक्रारीत तसं लिहिलं असेल तर ते खोटं आहे. माझ्या गुडघ्यांना विचारा.

कार्यक्रम संपल्यावर प्रभाग अधिकारी मागे आले. त्यांनी मला ओळखलं. ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले की आजी, गाडीवर दिलेला कचरा ही नगरपालिकेची मालमत्ता होते, तो परत ठेवा आणि यजमानांना घेऊन आरामात घरी जा, गाडी सोडायला येईल. मी म्हटलं, तुमच्या हाती दिला होता तो पुढे न्यायला, कुजवायला नव्हे. ते म्हणाले की यंत्राला वीजजोडणी मिळालेली नाही, निवडणाऱ्या माणसांची पदं मंजूर झालेली नाहीत, आणि केंद्राच्या फाटकातून आत आलेला कचरा अहवालात पुनर्प्रक्रिया झालेला धरतात, तशीच पद्धत आहे. कोणाची पद्धत, असं मी विचारलं. त्यांनी वर बोट दाखवलं. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचं ते मला कळत नाही, मी पाटलोणीच शिवते, असं मी म्हटलं. त्यांना हसू आलं नाही. ते गठ्ठ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "आजी, मी तीनदा लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही." मी म्हटलं, "मग आज माझ्या दारात दंडाची पावती घेऊन येणारा माणूस पाठवू नका. आधी ते उत्तर घेऊन येणारा पाठवा."

तेवढ्यात पाहुण्यांबरोबरचे मोठे साहेब आले आणि त्यांनी पोलिसांना फोन करायला लावला. चोर तो चोर वर शिरजोर, एवढंच मी म्हणाले, तेही पुटपुटले. तक्रारीत त्यालाच शिवीगाळ म्हटलं असावं.

सुक्या कचऱ्याच्या चोरीचा आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचा आरोप मला वाचून दाखवला. गठ्ठा मी घेतला हे कबूल आहे. जेसीबीपुढे उभी राहिले हेही कबूल आहे. गठ्ठा परत का देत नाही, असं मला विचारलं. तो आमचा आहे म्हणून नाही. तो खाणीत गेला असता तर हात बरा होताना मी काय काय बघितलं ते खोटं पडलं असतं, असं मला वाटलं. शिवाय मला एकच गोष्ट विचारायची आहे, ती इथे लिहून घ्यावी. या गाठी ज्याने उघडायच्या होत्या तो माणूस नेमला होता का? नेमला नव्हता, तर वर्षभर आमच्या दारात येऊन तो आहे असं सांगायची परवानगी कोणी दिली?

यजमानांना यातलं काही माहीत नाही. पहारेकऱ्याशी बाचाबाची झाली, एवढंच मी त्यांना सांगितलं आहे. ते बाहेर बाकावर प्रशस्तिपत्र घेऊन बसले आहेत. वर्षभर कोणीतरी पलीकडे आपली गाठ उघडतंय, या भरवशावर ते सकाळी उठत होते. तो भरवसा गेला तर हातही परत जाईल अशी मला भीती आहे. म्हणून जबाब मी स्वतः वाचीन, मोठ्याने वाचू नये, अशी मी विनंती केली. पण चष्मा ढिगात राहिला आणि वाचून दाखवल्याशिवाय सही घेता येत नाही असा नियम आहे. हवालदारसाहेबांनी हळू वाचायचं कबूल केलं.

पुढचा मजकूर वाचन चालू असताना घडलेल्या गोष्टीचा आहे, तो माझ्या सांगण्यावरून जोडला आहे. हवालदारसाहेबांचा हळू आवाज म्हणजे इतरांचा हाकेचा आवाज. हिरव्या पट्टीचा मजकूर आला तेव्हा यजमान भिंतीला धरून दारात येऊन उभे होते. कधीपासून उभे होते, माहीत नाही. ते टेबलापाशी आले आणि त्यांनी गठ्ठ्यावरून हात फिरवला. मला विचारलं, "एकही?" मी म्हटलं, "एकही नाही." ते खुर्चीवर बसले. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला. मला वाटलं, संपलं.

मग ते हवालदारसाहेबांना म्हणाले, "माझी तक्रार लिहा." आवाज गोदामातला होता. शेजारच्या खोलीतले शिपाई डोकावले. हवालदारसाहेबांनी विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध. ते म्हणाले, "ज्याच्या नावाने माल पाठवला आणि ज्याने तो सोडवून घेतला नाही, त्याच्याविरुद्ध. नाव तुम्ही शोधा. आम्ही वर्षभर आमचं काम केलंय." मी म्हटलं, अहो, हळू. ते माझ्यावरही ओरडले की तू मध्ये बोलू नकोस. इतक्या महिन्यांनी ते माझ्यावर ओरडले. मला फार बरं वाटलं.

त्यांची तक्रार वेगळी नोंदवायला घेतली आहे. गठ्ठा मुद्देमाल म्हणून जमा होणार आहे, त्याला मोहोर करायची म्हणून शिपायाने सुतळी आणली. यजमानांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि गठ्ठ्यावर दुहेरी फिरवून दोन्ही हातांनी गाठ मारली. शिपाई म्हणाला, काका, हा आता कोर्टासमोरच उघडायचा असतो, तोवर कोणी हात लावत नाही. यजमानांनी विचारलं, "पण तिथे नक्की उघडतात ना?" तो म्हणाला, उघडावाच लागतो, कायदाच आहे. तेव्हा यजमानांनी गाठ परत थोडी सैल केली आणि शेपूट बाहेर काढून ठेवलं.

एवढाच माझा जबाब आहे. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला, मोठ्याने वाचला, आम्हा दोघांनाही ऐकू आला, आणि बरोबर आहे.