मी आखलेल्या हॉलात पोरीचं लग्न

मी अंबरनाथची, बुवापाड्यातली. जन्म तिथला, शाळा तिथली, नवरा पण तिथलाच मिळाला, म्हणजे लांब कुठं गेलेच नाही बघा. बाबा कंपनीत हेल्पर होते, शिक म्हणायचे, बाबासाहेबांनी सांगितलंय, म्हणून मी आयटीआय केलं नि ड्राफ्ट्समन झाले, बाईला पण ड्राफ्ट्समनच म्हणतात, त्याचं हसू येतं मला अजून. तेव्हापासून ठाण्याला एका आर्किटेक्ट मॅडमकडं आहे, आधी पेन्सिलीनं, आता कॉम्प्युटरवर, पण काम तेच, दुसऱ्यांची घरं आखायची.

तर मॅडम एकदा म्हणाल्या, सुषमाताई, उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं आहेत, त्यांना चार माणसं बसवायला जागा नाही, आम्ही काही आर्किटेक्ट, इंजिनियर मिळून रविवारी जाऊन त्यांना सेंटर, म्हणजे एक हॉल, बांधून देतोय, पैसे कुणी घेणार नाही, तुम्ही याल का? आमचे हे म्हणाले, आपल्या पाड्यात कोण आलं होतं बांधायला? मी म्हटलं, नाही आलं ना, म्हणून तर जाते.

नकाशा मी आखला, पाडलेल्या जुन्या मिलिटरी बॅरेकच्या विटा घेतल्या, गरम हवा वरून निघून जाईल अशी जाळी ठेवली, छपरावरचं पाणी टाकीत सोडलं. विटांचा जुना चुना खरवडायला तिथल्या बाया बसायच्या, मी पण बसायचे, त्यात एक जमनामावशी. सिंधमधून मुलाबरोबर आलेली, सारखी व्हिसाची काळजी, पण मला बघितलं की पहिलं विचारणार, खाना खाया? आणि दुसरं, प्रज्ञा की शादी कब है? प्रज्ञा म्हणजे माझी मुलगी.

लग्न जुलैत होतं, हॉल घेतला होता बदलापूरला. आणि काय सांगू तुम्हाला, दोन दिवस राहिले नि उल्हास नदी चढली. हॉलवाल्याचा फोन, ताई, कमरेएवढं पाणी आहे, काही खरं नाही. दुसरे हॉल भरलेले, पाहुणे गावाहून निघालेले, पोरगी नुसती मेंदीचे हात पुढं धरून बसलेली, रडेना पण. तेवढ्यात मावशीचा फोन, पानी तो नहीं आया घर में? मी रडत रडतच सांगितलं. ती म्हणाली, पगली, हॉल तो है ना, तूने ही बनाया है. मी म्हटलं, मावशी, फरशी बाकी आहे, दारं नाहीत, आणि तुमचं उद्घाटन अजून व्हायचंय. ती म्हणाली, शादी से अच्छा उद्घाटन होता है क्या?

तिनं सगळ्यांना विचारलं, कुणी नाही म्हणालं नाही. माणसांनी ताडपत्र्या अंथरल्या, बायांनी भिंती पुसल्या, मॅडम स्वतः शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावत होत्या. टेबलावर पांढरं कापड घालून बुद्धांची मूर्ती नि बाबासाहेबांचा फोटो ठेवला, भंतेजींनी वंदना घेतली, तर त्या सगळ्या बाया डोक्यावर ओढणी घेऊन हात जोडून उभ्या, शब्द येत नव्हते तरी. ते झालं नि मग त्यांना राहवेना, त्यांची लग्नाची गाणी सुरू केली, माझ्या विहीणबाई त्यांच्यात जाऊन नाचल्या!

मावशी मात्र कोपऱ्यात डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, तिच्या मुलीचं लग्न तिकडंच झालं, जायला मिळालं नाही, मोबाईलवर बघितलं, बीच में नेट चला गया. आज पूरी शादी देखी, म्हणाली, फेरे नहीं थे, पर पूरी देखी. मी तिला धरून उभी राहिले.

आता फरशी झाली, दारं लागली, शिलाईचा क्लास चालतो, रविवारी मी पोरींना ड्रॉइंग शिकवते. मावशीचा नागरिकत्वाचा कागद अजून यायचाय. माझं घर, माझी पोर, सगळं ठीक आहे, मागायला काही उरलं नाही, म्हणून सकाळी वंदना झाली की मावशीसाठी मागते, तिला कागद मिळू दे, तिच्या लेकीला इकडं येता येऊ दे.