खणखणीत वीट

बांधकाम-पाडकामाच्या परवान्याची रांग होती. माझ्यापुढे एक बाई आणि तिच्यापुढे एक म्हातारा गवंडी.

"काय पाडताय, ताई?" गवंड्याने मागे वळून विचारलं.

"शेतावरचं विटांचं घर. पणजोबांनी बांधलेलं. शेतातलीच माती घेऊन तिथंच भट्टी लावली होती. माती काढली त्या खड्ड्याचं आज तळं आहे."

"मग पाडता कशाला?"

"भिंतींना ओल आलीय. सिमेंटचा पोपडा सुटला की मागून विटांचा भुगा पडतो. शंभर वर्षं टिकलं आणि माझ्याच राज्यात मोडायला आलं."

"सिमेंट पणजोबांनी लावलं?"

"छे, सहा वर्षांपूर्वी मी. बाहेरून सगळं नवं करून घेतलं. घराला काही कमी पडू दिलं नाही."

"तिथंच घात झाला. जमिनीतली ओल भिंतीत चढायची आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायची. तुम्ही भिंतीला रेनकोट घालून उन्हात बसवलंत."

"म्हणजे मीच?"

"मायेनं केलंत हो. आतून वीट ठोकून पाहिलीत?"

"पाहिली. खणखणीत वाजते."

"मग सिमेंट खरवडा. दोन उन्हाळे भिंत वाळू द्या, मग चुना लावा."

"आणि नाही वाळली तर?"

"परवान्याची ही खिडकी कुठं पळून जातेय?"

"खरवडायला तुम्ही याल?"

"माझे गुडघे नाही म्हणतात. मुलगी येईल. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, जीभ तेवढी तिखट."

"चालेल. मला बोलणारं कुणीतरी हवंच होतं."

बाईने अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि मागे माझ्याकडे वळली.

"आजोबा, तुम्ही पुढं सरका."