ड्राइव्ह म्हणजे मागून हाकणं

—नाही ओ, तिथंच चुकतं सगळ्यांचं. ड्राइव्हर म्हणलं की आपल्या डोळ्यांपुढं येतो पुढं बसलेला, स्टिअरिंग धरलेला माणूस. मुळात तो असायचा मागं. मागं — आरशात बघा प्रणिताताई, मी बोलत असले तरी एक डोळा आरशात — हां. मागं, काठी घेऊन. पुढं गुरं, मागं हा, आणि हुर्र हुर्र करत पुढं ढकलायची. ड्राइव्ह म्हणजे ते. चालवणं नव्हे, हाकणं. हजार-बाराशे वर्षांमागचा शब्द, तेव्हा कुठली मोटार आणि कुठलं काय. पुढं गुरांना गाडी जोडली, मग गाडी हाकणारा ड्राइव्हर झाला, मग इंजिन आलं आणि गुरं गेली, तरी शब्द आपला तोच. थर्ड टाका आता. सांगानेर गेलं मागं, जयपूर संपलं, इथून रस्ता जरा मोकळा आहे. अंग इतकं का आवळून धरलंय? तुमच्या पायाखाली एक ब्रेक आहे, माझ्या पायाखाली दुसरा आहे, क्लचसुद्धा आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत काही होत नसतं.

हसू नका, अकरा वर्षं मी हेच करते, पहिल्या दिवशी कुणाला किल्लीला हात लावू देत नाही, आधी वही काढा आणि हा शब्द लिहा. तुम्हालाही लिहायला लावला होता की. काही बायका वैतागतात, म्हणतात मॅडम, हमें गाड़ी सीखनी है, अंग्रेज़ी नहीं. काय करू, कराडला बी.ए. इंग्रजी केलं आणि त्याच महिन्यात लग्न झालं, फौजेतल्या सुभेदारांबरोबर आज इथं उद्या तिथं. कुठं शाळेत नोकरी लागली की वर्षभरात ट्रकमध्ये सामान चढायचं. आमच्या ह्यांनी, संभाजीरावांनी, युनिटच्या लायब्ररीतून रद्दीत काढलेली एक जाडजूड डिक्शनरी आणून दिली होती मला, जोधपूरला असताना. दुपारी करायचं काय? वाचायची. ह्या एका शब्दाला तीन रकाने आहेत त्यात. खिळा ठोकला तरी ड्राइव्ह. क्रिकेटमध्ये चेंडू मारला तरी ड्राइव्ह. कुणाला घरातनं हाकलून दिलं — ड्राइव्ह. वेड लावलं — ड्राइव्ह. सफाईची मोहीम काढली तरी ड्राइव्ह, आणि तुमच्या त्या कॉम्प्युटरमध्ये खुपसायचं ते इवलंसं, तेही ड्राइव्ह. आपल्याकडं बघा, हाकणं वेगळं, पिटाळणं वेगळं, ठोकणं वेगळं, हुसकणं वेगळं. त्यांनी एकाच शब्दाला सगळ्या कामाला जुंपलंय. पण आत अर्थ एकच — मागनं जोर लावायचा आणि पुढच्यानं जायचं. त्याला जायचंय का, हे कुणी विचारत नाही.

ट्रकला जाऊ दे. जाऊ दे त्याला, हॉर्न तो सगळ्यांनाच देतो. — हां. बरोबर केलंत. डावीकडं फार सरकू नका.

ड्रिफ्टसुद्धा त्याच घरातला शब्द आहे, बरं का. जे हाकललं गेलं, वाऱ्यानं नाहीतर पाण्यानं, ते ड्रिफ्ट. आम्ही फौजी बायका म्हणजे तेच. तुम्ही बँकवाल्यांच्या बायकाही तेच, नागपूरहून इंदूर, इंदूरहून जयपूर, आणि आता म्हणे गुवाहाटी — कुणी सांगितलं म्हणजे? तुम्हीच नाही का बोललात? त्या दिवशी — नाही? मग तुमचे हे, वरुणजी बोलले असतील. हो, फोन आला होता त्यांचा. सोमवारी. समोर बघा. सहज केला होता, फी-बीचं काहीतरी, नाही, फी नव्हे, तुमच्या टेस्टचं विचारत होते, उद्या दहाची वेळ पक्की का म्हणून. चांगला माणूस आहे, किती अदबीनं बोलतात, दर वाक्याला मॅडम. फक्त एक मला खटकलं, म्हणाले, ‘मॅडम, तिच्यात ड्राइव्ह नाहीये.’ मला म्हणजे बघा राग आला, नवऱ्याचा नव्हे, शब्दाचा. ड्राइव्ह काय आत असतं काय माणसाच्या? मागनं कुणीतरी लागतं त्याला. आता आत असतं असंही म्हणतात, शंभर-सव्वाशे वर्षांत तोही अर्थ चिकटलाय, मी नाही म्हणत नाही. पण ज्या बाईनं दोन मुलं सांभाळून बी.एड. केलं, चाकसूच्या शाळेत मुलाखत दिली, पहिल्या फटक्यात निवडली गेली, तिच्यात नाही म्हणायचं आणि—

स्पीड कमी करा. पुढं शेळ्या आहेत. मेंढ्या, मेंढ्या आहेत. अख्खा कळप येतोय रस्त्यावर, शिवदासपुऱ्याच्या अलीकडं हे रोजचंच आहे. हळूहळू ब्रेक, क्लच, पूर्ण थांबा — असं. आता बघा तो मागचा, लाल पागोटंवाला. तो बघा खरा ड्राइव्हर. काठी खांद्यावर आहे, मारत नाही, नुसता मागं आहे. एवढ्या तीनशे मेंढ्यांना ठाऊक आहे तो मागं आहे. कळपालाही इंग्रजीत ड्रोव्ह म्हणतात, हाकललेला तो ड्रोव्ह. — आता निघा. फर्स्ट, हाफ क्लच, घाई नको, मागचा हॉर्न वाजवू दे. सोडा हळू — वा. वा, प्रणिताताई. लोण्यासारखी निघाली की. चढ होता बरं का थोडा, तुम्हाला कळलासुद्धा नाही. बघा, आज मी पायसुद्धा लावला नाही आणि गाडी एकदाही बंद पडली नाही.

काय?

काही नाही ओ. म्हणजे मी म्हणलं, आज माझी मदत लागली नाही. मदत. काल-परवा तुमचा क्लच लवकर सुटत होता ना, मालवीय नगरच्या सिग्नलला तीनदा बंद पडली, तेव्हा मी आपलं — सांभाळलं. ब्रेक लावून. ब्रेक लावला म्हणून बंद पडली असं नव्हे, बंद पडत होती म्हणून ब्रेक — आता काय तुम्ही इंजिनिअरिंग काढून बसणार काय रस्त्यात? समोर बघा. समोर. इंडिकेटर का देताय? इथं कशाला थांबायचं, हायवे आहे हा. — बरं, थांबा, कडेला घ्या, मातीवर घ्या, हां. न्यूट्रल. हँडब्रेक. बघा किती छान घेतलीत.

रडताय काय? नाही? मग बघताय कशाला अशा?

हे बघा. वरुणजी म्हणाले, टेस्ट एवढी पुढं ढकला. एवढंच. महिनाभर. म्हणाले, बदलीची ऑर्डर आली आहे, पंधरा तारखेला गुवाहाटीला हजर व्हायचंय, आणि लायसन मिळालं की ही इथंच राहणार, मुलांना घेऊन, चाकसूची शाळा धरून. सकाळी सातला हजर व्हायचं, शाळा हायवेपासून चार किलोमीटर आत, बस नाही, गाडीशिवाय ही नोकरी होणार नाही, त्यामुळं लायसनवरच सगळं आहे, मॅडम. तुम्ही फक्त तिला सांगा की अजून तयार नाहीस. ती तुमचं ऐकते. हो, मी हो म्हणलं. का म्हणलं? कुणी अदबीनं बोललं की मी हो म्हणते, आयुष्यभर तेच केलंय, म्हणून म्हणलं असेल. नाही. खोटं कशाला बोलू, आता कळलंच आहे तर. मला पटलं त्यांचं.

मला एक मुलगी आहे. स्वानंदी. तिला मी शिकवलं, ह्याच रस्त्यावर, अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात. काय चालवायची, सुभेदार कौतुकानं मागं बसून असायचे. लग्न करून पुण्याला गेली, जावई चांगला, निलय, घर चांगलं, आणि एक दिवस काहीतरी वाजलं दोघांत, तर हिनं तीन वर्षांच्या ध्रुवला मागच्या सीटवर बांधलं आणि गाडी काढली ती थेट बंगळूरला, मैत्रिणीकडं. आठशे किलोमीटर. एकटी. परत गेलीच नाही. तिच्या सासूचा मला फोन आला. आरडाओरडा नाही, शांत आवाज. म्हणाल्या, ‘तुम्ही गाडी शिकवलीत ना, आता घ्या.’ बस, एवढंच बोलून ठेवला. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात बसलंय. रोज सकाळी सहाला पहिली बाई शेजारी बसते आणि मला वाटतं, हिचंही घर मोडणार, मीच शिकवणार आणि हिचंही मोडणार. आणि मग तुमच्या साहेबांचा फोन आला.

ब्रेकचं त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझं आहे. त्यांना तर ठाऊकही नसेल की गाडीला या बाजूला ब्रेक असतो. तुम्ही क्लच सोडायच्या वेळेला मी हलकासा दाबायचे, अगदी हलका, तुमच्या पायाला लागू नये एवढा. गाडी गचका देऊन बंद. मग मागनं हॉर्न, मग तुम्ही म्हणायच्या, मॅडम, मला जमतच नाही. आणि मी म्हणायचे, असू दे, होतं असं, काहींना वेळ लागतो. मंगळवारी, बुधवारी, आणि काल. काल तुम्ही सिग्नलला उतरून रडलात, तेव्हा मी तुमच्या पाठीवरनं हात फिरवला. त्याच बाईनं. लाज वाटते मला. कालही वाटली होती, पण काल मी थांबले नाही. आज तुम्ही म्हणालात की टेस्टच्या आधी एकदा शाळेचा रस्ता बघायचाय, आणि सकाळपासून पाय काही ब्रेककडं जाईना माझा. म्हणून तोंड चाललंय एवढं. शब्द, शब्द आणि शब्द. स्वानंदी म्हणायची, आई तू घाबरलीस की डिक्शनरी उघडतेस.

तिनं बंगळूरहून फोन केला होता मला, पोचल्यावर. रडत नव्हती. मला म्हणाली, ‘आई, एवढंच सांग, तू कुणाच्या बाजूनं आहेस?’ आणि मी — मी म्हणलं, ध्रुवनं काही खाल्लं का. हो. हे म्हणलं मी. दोन वर्षं झाली, तिचा फोन नाही. मी करते, ती उचलत नाही. ध्रुवला आता पाच पूर्ण झाली, त्याचा आवाज कसा झालाय मला माहीत नाही. आणि ती का गेली, हे मी अजून विचारलेलं नाही. सासूचा एक फोन ऐकला आणि गप्प बसले, की बाई, मी गाडी शिकवली म्हणून. म्हणजे कसं सोपं होतं ना. आत काय झालं असेल ते बघायलाच नको.

माफी मागते मी तुमची. — नाही देणार? बरं, नका देऊ. मी तरी दिली असती काय.

हे काय, चालू कशाला करताय? थांबा, डोकं शांत होऊ दे, अशा अवस्थेत हायवेवर नाही चढायचं, हा नियम — काय? पाय? पाय वर घेऊ? सीटवर? अहो मांडी घालून कशी बसू, गुडघे दुखतात माझे, आणि हे बरोबर नाही, शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवरच पाहिजे, जबाबदारी माझी आहे, काही झालं तर — बरं. बरं बाई. चपला काढते. हा एक. हा दुसरा. घातली मांडी, बघा, दिसतायत दोन्ही पाय? आता कुणी बघितलं तर म्हणेल बाई जेवायला बसली आहे गाडीत.

कुठं, परत फिरायचं ना? पुढं? चाकसूपर्यंत? शाळेच्या गेटपर्यंत, आणि तिथनं घरी, सगळं तुम्हीच. बरं. आरसा — बघितलात. इंडिकेटर — दिलात. मागं बस आहे, तिला — हो, दिसली तुम्हाला. गेली. आता — गेलात की. थर्ड. मी काही म्हणायच्या आधीच थर्ड.

आणि उद्या? उद्या मी नऊला येते दारात, टेस्ट-ट्रॅकवर आपल्याच गाडीनं — नको? मग कुठल्या गाडीनं देणार टेस्ट? तुमच्या? वरुणजी देतील किल्ली? मागणार नाही, घेणार म्हणता. अहो, पण लर्निंग लायसनवर एकटीला जाता येत नाही, शेजारी लायसनवाला माणूस लागतो — ते स्वतः? त्यांनाच बसवणार शेजारी?

प्रणिताताई, त्यांच्या गाडीत या बाजूला ब्रेक नसतो ओ.

...

हं. म्हणूनच.

...

बरं. नाही बोलत.