नवव्या दिवशी सोडलेली पट्टी

आम्ही मूळचे बेळगावजवळच्या सांबऱ्याचे. वडील तालमीतल्या पैलवानांना मालिश करायचे, कुणाचा खांदा निखळला, कुणाचं मनगट मोडलं की बसवायचे, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. हाड बोटांनी चाचपून कळतं, डोळं मिटून सुदीक कळतं, त्यात माझी चूक कधी झाली न्हाय, आणि काय सांगू तुम्हाला, झाली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

माझी धाकटी बहीण शालन निपाणीला दिलेली. बिड्या वळायची. पान कापून जर्दा भरून दोरा गुंडाळेपर्यंत बघणाऱ्याची पापणी लवायची न्हाय, बरोबरच्या बायका म्हणायच्या, शालनच्या बोटांत मशीन बसवलंय गं. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल, जत्रंला माहेरी आलती आणि विहिरीपाशी घसरून पडली, उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. दाजी म्हणाले बेळगावला दवाखान्यात नेऊया. ती म्हणाली, घरात अण्णा असताना दवाखाना कशाला.

मी हात ओढून हाडं जुळवली, अंड्याचा बलक काढून पांढऱ्यात उडदाचं पीठ कालवलं, त्याचा लेप दिला, वर कापड, बांबूच्या कामट्या आणि सुतळी घट्ट. आमच्यात रीत अशी की पट्टी नऊ दिवस सोडायची न्हाय, सोडली की हाड हलतं. वडील तसंच करायचे, मीही तसंच करत आलतो.

दुसऱ्या दिवशी शालन म्हणाली बोटांत मुंग्या येत्यात, कुणी बोट सरळ केलं तर जीव जातोय. मी म्हणालो हाड धरताना असं होतंच. माझी बायको म्हणाली, अहो, बोटं निळी दिसत्यात, जरा सैल करा. मी तिला म्हणालो, तुला कधीपासनं हाडं कळायला लागली गं. चौथ्या दिवशी शालनचं दुखायचं थांबलं आणि मी बायकोला मुद्दाम बोलावून सांगितलं, बघ.

नवव्या दिवशी सोडली. हाड फूटपट्टीनं आखल्यागत सरळ. पण कातडी ताठ, चकाकणारी, ठिकठिकाणी काळी, आणि बोटं आत वळलेली, ती काय उघडंनात. मी तेल लावून चोळली, शेकली, दोन दिवस गेले, मग बेळगावला नेली.

डॉक्टर कानडी माणूस, मराठी मोडकं बोलायचे, पण मला समोर बसवून माझाच हात धरून दाखवलं. बोटांत ओढणारं मांस नसतंच, ते इथं कोपराखाली असतं, तिथनं दोऱ्या गेल्यात, म्हणून बोट मिटतं. मांस सुजलं की त्याला जागा लागते, कातडी थोडी ताणून ती देते, तुम्ही बाहेरनं आवळलं, तिला ताणूच दिलं न्हाय, रक्त थांबलं, मांस मेलं. दुखायचं थांबलं तेव्हा ते संपलं होतं. मग म्हणाले, हाड मात्र छान बसवलंय. तेवढं त्यांनी म्हणायला नको होतं.

शालनचं बिड्या वळणं सुटलं. मला एका शब्दानं बोलली न्हाय. मीच एकदा विचारलं, शालन, माझा राग येतो का गं? ती म्हणाली, "मुंग्या येत्यात म्हणून सांगितलं तवा ऐकायचं होतंस रं अण्णा. आता काय इचारतोस."

अजून लोक येतात हात-पाय घेऊन. मी नख दाबतो, सोडल्यावर लाली परत येते का, रक्त पोचतंय का बघतो, आणि दवाखान्यात पाठवतो, पट्टी बांधत न्हाय.

भाऊबीजेला शालन येते. उजवा हात पदराखाली ठेवते, डाव्या हातानं ओवाळते, तबक जरा हलतं. शंभर वर्षं जग म्हणते. मी बरं म्हणतो, आणि कुंकवासाठी मान खाली करतो.