कालव्यावर हरलेली पैज

धामणगावपर्यंत कालव्याच्या मुरमाड रस्त्यानं सायकलवरून एकदाही पाय न टेकता जाईन, ही तुमच्याशी लावलेली पैज मी कशी हरले, ते ऐका. धामणगावचा पूल समोर दिसत होता, तेवढ्यात एका आबांनी बैलगाडी आडवी घातली.

"काहून वं पोरी, सायकल बिघडली काय?"

"नाही! बाजूला व्हा ना, आबा!"

"स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. कोनं फसवलं तुले?"

टेकला पाय! गेली पैज! चिडून मी म्हटलं, "मग तुम्हीच चालवून पाहा!"

आबा धोतर खोचून बसले आणि सुटलेच. मी कासरा धरून बैलगाडीतून मागे. पुलावर पोचले, तर आबा माझ्यावरच खेकसले, "इतकी हळू काहून हाकून राहिली वं?"